वाचक विचारतात: सही घ्यायला येता, विचारायला कधी येणार?

मागच्या अंकात या सदरात मी लिहिलं होतं की हॉस्पिटलमधल्या संशोधनात पेशंटने नुसतं रक्त द्यायचं आणि सही करून घरी जायचं एवढंच पुरेसं नाही, संशोधन कशावर करायचं आणि कसं करायचं हे ठरत असतानाच पेशंटला, त्याच्या घरच्यांना, वस्तीतल्या लोकांना सोबत बसवून घ्यायला हवं. मी शाळेत शिकवायचे, डॉक्टरकीशी काही संबंध नाही, आणि आता मुंबईतल्या एका एथिक्स कमिटीवर, म्हणजे संशोधनात माणसांवर अन्याय होत नाही ना हे तपासून मंजुरी देणाऱ्या समितीवर, सामान्य सदस्य म्हणून बसते, म्हणून हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे. त्या लेखावर पत्रं आली, व्हॉट्सअॅप आले, काहींनी फोनवरच विचारलं. त्यातले काही प्रश्न इथे घेतेय, नावं टाकलेली नाहीत.

ताई, माझी आई ६३ वर्षांची आहे, डायबेटिस आहे, पायाला जखम होऊन दोनदा अॅडमिट करावं लागलं. पालिकेच्या हॉस्पिटलमधल्या एका तरुण डॉक्टर मॅडमनी विचारलं की आमचा अभ्यास सुरू होतोय, तुम्ही सल्लागार गटात याल का, महिन्यातून एक मीटिंग असते. आई खूश आहे पण मोठा भाऊ म्हणतो काही नको, प्रयोग करतील तुझ्यावर. काय करावं?
*– एक वाचक, कुर्ला*

आईला जाऊ द्या, असं मी म्हणेन. पण त्याआधी त्या मॅडमना एकच सरळ प्रश्न विचारा की आईला अभ्यासात पेशंट म्हणून घेताय की सल्ला द्यायला बोलवताय. दोन्ही गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत आणि बहुतेक घरांत गोंधळ इथेच होतो. पेशंट म्हणून घेतलं तर औषध असेल, तपासण्या असतील, रक्त काढतील, त्याचा वेगळा कन्सेंट फॉर्म, म्हणजे संमतीचा कागद, असतो आणि तो वाचून, समजून, घरी नेऊन, चार जणांना विचारून मगच सही करायची. सल्लागार गटात आईच्या अंगाला कुणी हातही लावत नाही. तिथे तिने सांगायचं की जखम झाल्यावर पहिल्यांदा काय केलं, हॉस्पिटलला यायला उशीर का झाला, ड्रेसिंगला रोज या म्हटल्यावर रोज येणं कसं जमत नाही, चप्पल कसली घालते, घरात अनवाणी चालते का. दोन्ही एकदम असेल तर दोन्हीचे कागद वेगळे मागा.

भावाला वेड्यात काढू नका मात्र, त्याची भीती हवेतली नाही. आपल्याच भायखळ्याच्या तुरुंगात १८९७ साली प्लेगची नवी लस कैद्यांना टोचली होती. ती लस बनवणाऱ्या हाफकिनसाहेबांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती आणि कैदी स्वतःहून पुढे आले असं सांगतात, लसीचा उपयोगही झाला, पण कैदेत असलेला माणूस मोकळेपणाने हो म्हणतो की नाही हा प्रश्न आज कुठलीही कमिटी विचारेलच. आणि फार जुनं कशाला, २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून बचावाची, लस देण्याचा जो प्रकल्प झाला त्यात हॉस्टेलवर राहणाऱ्या कितीतरी मुलींच्या फॉर्मवर आईवडिलांऐवजी वॉर्डननी सह्या केल्या होत्या. तो प्रकल्प थांबवला गेला, २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कडक रिपोर्ट दिला. लस वाईट होती असा याचा अर्थ नाही, घरच्यांना विचारलंच नाही हा मुद्दा आहे. त्यामुळे भाऊ प्रश्न विचारतोय ते बरोबरच करतोय, त्यालाही पहिल्या मीटिंगला घेऊन जा.

आता मीटिंगमध्ये नेमकं काय होतं ते सांगते, कारण मी अशा एका गटात बसलेय. बीपीच्या पेशंटच्या किडनीवर अभ्यास करायचा होता आणि डॉक्टरांनी लिहिलं होतं की प्रत्येकाने चोवीस तासांची लघवी एका मोठ्या कॅनमध्ये गोळा करायची, कॅन थंड जागेत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी लॅबला आणून द्यायचा. कागदावर सगळं छान. गटात चाळीत राहणाऱ्या एक मावशी होत्या, घरकाम करणाऱ्या, त्या बराच वेळ गप्प होत्या आणि मग म्हणाल्या, डॉक्टर आमच्याकडे संडास कॉमन आहे, सकाळी लाइन असते, मी कॅन घेऊन लाइनीत उभी राहू का, आणि दिवसा मी तीन घरी कामाला असते तिथे मॅडमच्या बाथरूममध्ये कॅन ठेवू का, आणि रात्री तो थंड ठेवायचा म्हणजे फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी ठेवायचा का, सून घरात घेईल का मला. खोलीत सगळे शांत. त्या डॉक्टर फार हुशार आणि मनापासून काम करणाऱ्या होत्या, पण हे त्यांना सुचणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी सकाळच्या एकाच सॅम्पलवरून हिशोब काढायची पद्धत घेतली, ती पण मान्यताप्राप्त आहे. नाहीतर काय झालं असतं, बायकांनी अर्धी लघवी गोळा केली असती, अर्धी गेली असती, कुणी खोटं सांगितलं असतं, आणि सगळे आकडे चुकीचे आले असते आणि त्या चुकीच्या आकड्यांवर पुढे कुणाचा तरी औषधाचा डोस ठरला असता.

तुमच्या आईकडे अशा दहा गोष्टी असतील. जाऊ द्या तिला. फक्त जाण्यायेण्याचा खर्च आणि मीटिंगची वेळ आधी विचारून घ्या, पायाला जखम असलेल्या बाईला सकाळी नऊच्या हार्बर लाइनला चढायला लावू नका म्हणावं.

आपला लेख वाचला. भावना चांगली आहे पण पटलं नाही. मी ३४ वर्षं बँकेत काम केलं, उद्या व्याजदर ठरवायला ग्राहकांना बसवलं तर चालेल का? संशोधन हे शिकलेल्या लोकांचं काम आहे, सामान्य माणसाला त्यातलं काय कळतं?
*– एक निवृत्त वाचक, विलेपार्ले*

काका, तुमचं पत्र मला आवडलं कारण मनात असूनही बरेच जण हे बोलत नाहीत. आकडेमोड, लॅब, औषधाची रचना यातलं सामान्य माणसाला कळत नाही हे खरंच आहे आणि तिथे त्याला बसवा असं कुणी म्हणतही नाही. पण संशोधनात त्याच्या आधी एक पायरी असते, प्रश्न कुठला घ्यायचा आणि औषध चाललं की नाही हे कशावरून ठरवायचं. ही पायरी चुकली तर पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही उपयोग शून्य.

संधिवाताचं बघा, आमवात म्हणतो आपण त्याला. या आजाराच्या ट्रायलमध्ये, म्हणजे औषधं तपासून बघणाऱ्या अभ्यासात, काय काय मोजायचं हे ठरवणारी तज्ज्ञांची एक आंतरराष्ट्रीय परिषद आहे, ओमेरॅक्ट नावाची. वर्षानुवर्षं सांधे किती सुजलेत, किती दुखतात, रक्ताचे रिपोर्ट काय, हे मोजलं जायचं. २००२ मध्ये पहिल्यांदा पेशंटना त्या परिषदेत बोलावलं आणि पेशंट म्हणाले की आम्हाला सगळ्यात जास्त छळतो तो थकवा, सकाळी उठल्यापासून अंगात जीवच नसतो, आणि तुम्ही तो कुठेच मोजत नाही. जगातले मोठमोठे डॉक्टर बसलेले होते हो तिथे. त्यानंतर काही वर्षांत थकवासुद्धा मोजायलाच हवा असं त्या परिषदेने मान्य केलं. यात पेशंटने डॉक्टरांचं काम केलं का, तर नाही, जे फक्त पेशंटलाच माहीत होतं ते त्याने सांगितलं.

गुडघेदुखीचं पण तसंच. २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या काही संशोधकांनी दाखवून दिलं की गुडघ्याच्या आर्थरायटिसवरचं बहुतेक संशोधन औषधांवर होत होतं, आणि पेशंटना विचारलं तर त्यांना हवा होता गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनचा नीट अभ्यास आणि या दुखण्यासोबत कसं जगायचं हे शिकवण्यावर काम. औषधांवर अभ्यास का जास्त हे तुम्ही बँकेत होता त्यामुळे मी सांगायला नको, पैसा जिकडून येतो तिकडेच अभ्यास होतात. पार्ल्यात तुमच्या कट्ट्यावर सकाळी जे बसतात त्यातल्या किती जणांचे गुडघे दुखतात आणि त्यांना काय हवंय हे एकदा विचारून बघा आणि मला कळवा, मला खरंच वाचायला आवडेल.

आणि एक उदाहरण अगदी आपल्या शहरातलं. टीबी औषधांना दाद देत नाही तेव्हा पूर्वी महिनोन्‌महिने इंजेक्शनं घ्यावी लागायची आणि त्या इंजेक्शनांनी कित्येकांचे कान गेले. असेच कान गेलेल्या दोन तरुणी, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची, यांनी बेडाक्विलिन या नव्या औषधाच्या पेटंटला मुदतवाढ देऊ नका म्हणून २०१९ मध्ये आपल्याकडे हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट ऑफिसने कंपनीचा तो अर्ज फेटाळला. दोघी टीबीतून बऱ्या झालेल्या पेशंट, डॉक्टर कुणीच नाही. हे संशोधन नव्हे, मान्य, कायद्याची लढाई होती. पण सामान्य माणसाला काय कळतं या प्रश्नाला माझ्याकडे याहून मोठं उत्तर नाही.

आता तुमच्या बाजूने पण बोलते कारण ते बोलायला हवं. लोकांना सामील केलं की सगळं आपोआप सुधारतं असं अजिबात नाही. झारखंड आणि ओडिशातल्या खेड्यांत बायकांचे गट केले, बाळंतपणात आणि तान्ह्या बाळांच्या बाबतीत काय अडचणी येतात हे त्यांनीच शोधायचं आणि उपाय पण त्यांनीच ठरवायचे, तर तान्ह्या बाळांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले, हा अभ्यास २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आला. तशाच प्रकारचे बायकांचे गट मुंबईत स्नेहा या संस्थेने ४८ वस्त्यांमध्ये अभ्यास करून तपासले आणि २०१२ मध्ये प्रामाणिकपणे छापलं की इथे बाळांचे मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. मला विचाराल तर शहरातल्या वस्तीत लोक सारखे येत-जात असतात, बायका कामाला जातात, हॉस्पिटलं जवळ असतात, म्हणजे सगळी गणितंच वेगळी. पण मला हा मुंबईचा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो. फायदा दिसला नाही हे लपवलं नाही म्हणून. लोकांना सामील करणं हे पण तपासून बघण्याचीच गोष्ट आहे, नुसती चांगली भावना म्हणून करायची गोष्ट नाही, आणि इथे तुमचं माझं एकमत होईल असं वाटतं.

आमच्या गल्लीत सारखे सर्व्हेवाले येतात. किती जण खोलीत राहता, पाणी कधी येतं, नवरा मारतो का, सगळं विचारतात, फोटो काढतात, कधी रक्त पण नेतात आणि परत कोणी तोंड दाखवत नाही. नाही म्हटलं तर दवाखान्यात त्रास देतील का अशी भीती वाटते. नाही म्हणता येतं का?
*– एक ताई, गोवंडी*

येतं. सगळ्यात आधी हेच सांगते, नाही म्हणता येतं, अर्धे प्रश्न झाल्यावर थांबवता येतं, एखादाच प्रश्न सोडून बाकीची उत्तरं देता येतात, आणि तुम्ही नाही म्हटलं म्हणून तुमच्या उपचारावर, रेशनवर, मुलाच्या लसीवर कशावरही परिणाम व्हायला नको असा नियम आहे. आयसीएमआर ही आपल्या देशातली वैद्यकीय संशोधनाची मोठी सरकारी संस्था आहे, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा चालतो पण तेव्हा बाहेरचा, अभ्यासाशी संबंध नसलेला आणि वाचता येणारा एक साक्षीदार समोर हवा, त्यांच्याच टीममधला माणूस साक्षीदार म्हणून चालत नाही.

नवरा मारतो का हा प्रश्न तर दारात उभं राहून, सासू मागे बसलेली असताना विचारायचाच नाही. कुणी तसं विचारलं तर उत्तर देऊ नका, आणि जो कागद ते देतात, द्यायलाच हवा, त्यावर एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो, त्यावर फोन करून सांगा. ही तक्रार कमिटीला हवीच असते. खरंच हवी असते, मी त्या टेबलावर बसते म्हणून सांगतेय, आमच्यापर्यंत फोन येतच नाहीत आणि मग सगळं व्यवस्थित चाललंय असं धरलं जातं.

परत कोणी येत नाही हे तुमचं वाक्य मात्र मला खूप लागलं. बघा, २०२० च्या जुलैमध्ये मुंबईत तीन वॉर्डांत कोरोनाचा सीरो सर्व्हे झाला होता, जवळजवळ सात हजार लोकांचं रक्त घेतलं, आणि वस्त्यांमध्ये ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी, म्हणजे कोरोना होऊन गेल्याच्या खुणा, सापडल्या, बिल्डिंगांमध्ये फक्त १६ टक्के. हा आकडा जगभर गेला, त्यावर चर्चा झाल्या. तसंच त्याच्या आधीचं, १९९८ मध्ये टाटा मेमोरियलने मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांचा अभ्यास सुरू केला, डॉक्टर नसलेल्या, ट्रेनिंग दिलेल्या बायकांनी साध्या पद्धतीने गर्भाशयाच्या मुखाची आणि स्तनांची तपासणी करायची. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी. केवढी मोठी गोष्ट आहे ही. ज्या गटाला तुलनेसाठी ठेवलं होतं, त्यांना ही तपासणी न देणं बरोबर होतं का यावर पुढे बराच वादही झाला, आणि माझ्या मते असे वाद अभ्यास सुरू व्हायच्या आधी त्याच बायकांसोबत बसून व्हायला हवेत. पण मुद्दा असा की हे आकडे वस्तीतल्या बायकांच्या शरीरातून आलेत. ते ज्या गल्लीतून आले त्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या मराठी आणि हिंदी अक्षरांत लागले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. कुणाला उपकार म्हणून करायचं नाही हे, तुमचा हक्क आहे.

पुढच्या वेळी कुणी आलं की दारातच विचारा, हा अभ्यास कुणाचा, पैसे कोण देतंय, माझं नाव आणि फोटो कुठे जाणार, रिपोर्ट कधी सांगणार आणि इथे गल्लीत येऊन सांगणार का, आणि हे प्रश्न ठरवताना आमच्यातल्या कुणाला विचारलं होतं का. या शेवटच्या प्रश्नावर बरेच जण गडबडतील, गडबडू द्या. गल्लीत तुम्ही पाच-सहा जणी मिळून ठरवा की हे विचारल्याशिवाय कुणाला उत्तर द्यायचं नाही, एकटीने विचारण्यापेक्षा ते सोपं जातं.

मी मुंबईत पब्लिक हेल्थ करतेय, डिझर्टेशनला घरकाम करणाऱ्या बायकांची पाठदुखी घेतलीये. गाइड म्हणाले कम्युनिटीला इन्व्हॉल्व्ह कर. पण कसं? प्रश्नावली तयार आहे, आता कुणाला दाखवू? पैसे द्यायचे असतात का?
*– एक विद्यार्थिनी, चेंबूर*

प्रश्नावली तयार आहे म्हणतेस तिथेच थोडं थांब. तयार झालेली गोष्ट दाखवली की समोरची बाई म्हणणार छान आहे मॅडम, आणि तुला वाटणार झालं इन्व्हॉल्व्ह. कोरा कागद घेऊन जा. पाठ कधी दुखते, कुठलं काम करताना, दुखल्यावर काय करता, मॅडमला सांगता का, सांगितलं तर काय होतं. मला खात्री आहे की तुझ्या प्रश्नावलीत लादी वाकून पुसायची की मॉपने, पाण्याच्या बादल्या किती मजले चढवायच्या, लिफ्ट वापरू देतात का, हे नसेल. कितीतरी सोसायट्यांत कामवाल्यांना वेगळी लिफ्ट असते आणि ती बंद पडली की जिने, आता याचा पाठीशी संबंध आहे की नाही तूच सांग. आणि त्या बायकांना कदाचित पाठीपेक्षा खाड्याचे पैसे कापतात हे जास्त महत्त्वाचं वाटत असेल, दुखतंय तरी सुट्टी घेता येत नाही म्हणून दुखणं वाढतं, मग तुझा विषयच थोडा सरकेल, तर सरकू दे.

शोधायचं कुठे, तर बचत गट, महिला मंडळ, घरकामगारांची संघटना, हेल्थ पोस्टच्या आरोग्य सेविका, यांच्यामार्फत. नगरसेवकाच्या ऑफिसातून नावं घेऊ नकोस, तिथून नेहमीच्याच चार जणी येतात आणि त्या तेच बोलतात जे बोलायची सवय आहे. एकटीला कधीच बोलावू नकोस, निदान तिघी-चौघी असाव्यात, तुम्ही सगळे इंग्रजीत बोलायला लागलात तर एकटी बाई गप्प बसते. कॉलेजच्या एसी कॉन्फरन्स रूममध्ये पण नको, तूच तिकडे जा, दुपारी दोन ते चार, त्या दोन कामांच्या मध्ये मोकळ्या असतात तेव्हा.

पैसे, हो. द्यायचेच. जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेल्या कामाचे पैसे हे तर पहिलं, आणि सल्ला देतेय त्या वेळेचंही काहीतरी. इंग्लंडमध्ये सरकारी पैशातून जे आरोग्य संशोधन होतं तिथे यासाठी ठरलेले दर आहेत. तिथे १९९६ पासून यासाठी स्वतंत्र यंत्रणा आहे आणि संशोधनाला निधी मागताना लोकांना कसं सामील केलं हे अर्जात लिहावं लागतं. २००४ पासून तर तिथे जेम्स लिंड अलायन्स म्हणून काम चालतं, एकेका आजाराचे पेशंट, त्यांना सांभाळणारे घरचे आणि डॉक्टर एकत्र बसून ठरवतात की या आजाराबद्दल अजून कुठल्या दहा प्रश्नांची उत्तरं सगळ्यात आधी हवीत. आपल्याकडे असं ठरलेलं काही नाही म्हणून तुझ्या बजेटमध्ये तूच एक ओळ टाक. डिझर्टेशनला बजेट नसतं हे मला माहितेय, गाइडशी भांड, निदान प्रवासभाडं आणि नाश्ता तरी निघतो. अभ्यासात उत्तरं देणाऱ्या बायकांना काय द्यायचं ते मात्र एथिक्स कमिटीला विचारून, कारण तिथे पैशाच्या आमिषाने हो म्हणायला लागू नये हे बघावं लागतं. सल्ला देणाऱ्या वेगळ्या.

गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने हॉस्पिटल बांधताना आदिवासींना विचारलं होतं, लोकांना मोठ्या पक्क्या इमारतीची भीती वाटत होती, म्हणून दवाखाना गावातल्या झोपड्यांसारखा बांधला आणि दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. ते वाचून काढ एकदा. आणि रिपोर्ट झाला की त्या बायकांकडे परत जा, प्लीज. वर गोवंडीच्या ताईंचं पत्र आहे ते तुझ्या गाइडना पण दाखव.

माझ्या सासऱ्यांना डिमेन्शिया आहे, चार वर्षं मीच सांभाळतेय, नोकरी सोडली. सगळं संशोधन पेशंटवर, आम्हाला कोण विचारतं?
*– एक वाचक, बोरिवली*

फार कमी जण विचारतात, आणि हे बदलायला हवं. डिमेन्शियाचा पेशंट स्वतःचं सगळं सांगू शकत नाही, रात्री कितीदा उठतात, कुठल्या औषधाने जास्त गुंगी येते, आंघोळीला का नको म्हणतात हे तुम्हालाच माहीत. आणि तुमच्या पाठीचं, झोपेचं, सोडलेल्या नोकरीचं काय हा पण संशोधनाचाच विषय आहे. बाहेरच्या देशांत काळजी घेण्याच्या व्यवस्थेवर वेगळं संशोधन होतं, आपल्याकडे ही व्यवस्था म्हणजे घरातली सून, मुलगी, आणि ब्युरोची मावशी. त्या ब्युरोच्या मावशींना तर कुणीच विचारत नाही, बारा तासांची ड्युटी, ट्रेनिंग नाही, उचलून बसवताना कंबर जाते. सासऱ्यांच्या न्यूरोलॉजिस्टना पुढच्या व्हिजिटला विचारा की तुमच्याकडे काही अभ्यास चालू आहे का आणि त्यात घरच्यांचं म्हणणं कुठे घेतलंय. सासऱ्यांचं मत सुरुवातीच्या टप्प्यात त्यांनाही विचारता येतं हे पण विसरू नका, डिमेन्शिया आहे म्हणजे मत नाही असं नसतं.

आणि स्वतःसाठी आठवड्यातून एक दुपार घ्या. हे संशोधनाबद्दल नाही, मी तुम्हाला सांगतेय.

मी सातवी शिकले, आता पोळीभाजी केंद्र चालवते. इंग्रजी येत नाही. तुमच्यासारखं कमिटीवर बसता येईल का?
*– एक वाचक, लालबाग*

येईल. औषधांच्या ट्रायलना मंजुरी देणाऱ्या प्रत्येक कमिटीत निदान सात सदस्य लागतात, त्यातले निम्मे तरी त्या हॉस्पिटलच्या बाहेरचे, एक तरी बाई, आणि एक सामान्य सदस्य असलाच पाहिजे, हा २०१९ च्या नियमांनुसार कायदाच आहे. सामान्य सदस्याची अट आयसीएमआरने अशी दिलीये की लिहिता-वाचता यावं, गेल्या पाच वर्षांत आरोग्य क्षेत्रात काम केलेलं नसावं, आणि इथल्या लोकांची भाषा, रीतिरिवाज माहीत असावेत. डिग्रीचा उल्लेख नाही. कागदांचा ढीग इंग्रजीत असतो ही मोठी अडचण आहे, खोटं सांगणार नाही, पण पेशंटला द्यायचा कागद आणि कन्सेंट फॉर्म मराठीत असतो आणि आपलं सगळ्यात महत्त्वाचं काम तिथेच आहे, तो वाचून कळतोय का, घाबरवतोय का, काही लपवतोय का. बाकीचा सारांश मराठीत सांगा असं पहिल्याच मीटिंगला ठणकावून सांगायचं, मी बाकीच्यांसाठी सांगते, तुम्ही स्वतःसाठी सांगा.

परळला तुमच्या आजूबाजूला एवढी मोठी हॉस्पिटलं आहेत. तिथे एथिक्स कमिटीचं ऑफिस कुठे म्हणून विचारा, मेंबर सेक्रेटरी म्हणून एक डॉक्टर असतात त्यांच्या नावाने साध्या मराठीत एक पानाचा अर्ज द्या, तुम्ही कोण, काय करता, का यायचंय, आणि पोच घ्या. जागा रिकामी नसली तर कधी होणार ते विचारा, सदस्यांची मुदत ठरलेली असते. कमिटी नको आणि सल्लागार गट हवा असेल तर सीटीआरआय म्हणून देशातल्या सगळ्या ट्रायलची सरकारी नोंदणी आहे, २००७ पासून, इंटरनेटवर फुकट बघता येते, मुलाला सांगा मोबाइलवर काढून द्यायला. त्यात आजाराचं नाव टाकलं की कुठल्या हॉस्पिटलात कोणता अभ्यास चालू आहे ते दिसतं आणि लोकांनी चौकशीसाठी कुणाला फोन करायचा त्याचा नंबर पण असतो. दुपारी केंद्र बंद असेल तेव्हा करा फोन, सकाळी ते लोक ओपीडीत असतात.